शॉकअप अंगणातून गॅरेजात कसे गेले

पावसाळा सरला की साताऱ्यात गाऱ्हाणं ठरलेलं: यवतेश्वरचा घाट चढून कासला जाऊन आलो आणि पुढून खडखड सुरू झाली. मग कोणीतरी सांगतंच, शॉकअप (स्प्रिंगची उसळी जिरवणारा शॉक ॲब्सॉर्बर) गेलेत, ऑनलाइन मागव, घरीच बदल. सल्ला अर्धा बरोबर आहे. कुठला अर्धा, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

टांग्याला पाटे होते, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. पाटे एकमेकांवर घासतात, त्यातच हेलकावा थोडाफार मरतो. मोटारी वेगाने धावायला लागल्यावर तेवढ्यावर भागेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये त्रुफो या संशोधकाने घर्षणावर चालणारे शॉकअप गाडीला लावले. पुढे घर्षणाची जागा तेलाने घेतली. पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल रेटलं जातं आणि उसळीची ताकद उष्णतेत जिरते. गाडीचं वजन मात्र शॉकअप पेलत नाही, ते स्प्रिंगचं काम. लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

अँबेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी, दोन्हींना मागे पाटे आणि शॉकअप वेगळे. वरची आणि खालची जोडणी सोडवली की जुना बाहेर, नवा आत. 1961 साली मुंबईत गॅब्रिएल इंडिया सुरू झाली आणि शॉकअप देशातच बनू लागले. बोल्ट गंजला नसेल, तर हे काम दारात बसून होण्यासारखं होतं.

चित्र पालटलं ते अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या रचनेमुळे. त्यांनी शॉकअपभोवतीच स्प्रिंग बसवली आणि चाकाला वरून धरणारा आर्म काढूनच टाकला. 1950 च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत ही रचना आली. सुटे भाग कमी, खर्च कमी, आडव्या इंजिनाला जागा मोकळी. छोट्या गाडीला याहून सोयीचं काय असणार? डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी, आपल्याकडे घरोघरी पोचले.

अडचण इथूनच सुरू होते. बॉनेट उघडलं की दोन्ही कडांना स्ट्रटचं डोकं दिसतं. बऱ्याच गाड्यांत भोवती दोन-तीन छोटे नट असतात आणि मधोमध एक मोठा. भोवतीचे नट स्ट्रटला गाडीच्या बॉडीशी धरून ठेवतात, मधला दाबलेल्या स्प्रिंगला. जॅक लावून चाक लोंबकळत ठेवलं तरी स्प्रिंग दाबलेलीच राहते. स्प्रिंग दाबायच्या हत्याराने, म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसरने, ती आवळून घेतल्याशिवाय मधला नट सोडला, तर ती तोंडावर उसळते. गावठी शिकंजा लावून हे काम करणारे आहेत; त्यांच्या शेजारी मी उभा राहणार नाही.

मागे मात्र बऱ्याच छोट्या गाड्यांत आजही स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. गाडी स्टँडवर घ्या, ॲक्सलला खालून जॅकचा टेकू द्या, मग बोल्ट सोडा; बदलायचे ते जोडीनेच. पुढच्यासाठी स्प्रिंगसकट तयार स्ट्रट मिळत असेल तर मधल्या नटाला हात लावायचं कारणच उरत नाही. स्ट्रटचे खालचे बोल्ट सोडले की चाकाचा कल हलतो, त्यामुळे नंतर अलाइनमेंटला जावंच लागतं.