मिश्र बहिरेपणा: दोन रेषांमधलं अंतर वाचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षं कास्टिंग घासणाऱ्या माणसाला कमी ऐकू येऊ लागलं, की घरचे म्हणतात, ‘मशीनच्या आवाजानं कान गेले.’ बऱ्याचदा ते खरंही असतं. पण त्याच माणसाचे कान लहानपणापासून वाहत असतील, पडद्याला भोक असेल, तर केवळ आवाजाला दोष देऊन थांबणं म्हणजे बऱ्या होऊ शकणाऱ्या दुखण्यावर पाणी सोडणं.

कानाचा पडदा आणि त्यामागची हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं आवाज आत पोचवतात. आतल्या कानातल्या शंखात, म्हणजे शंखासारख्या वळणदार भागात, असलेल्या केसपेशी त्याचे संदेश करून नसेवाटे मेंदूकडे धाडतात. पोचवणारा भाग बिघडला तर तो अनेकदा ऑपरेशनने सुधारतो. केसपेशी मात्र एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. एकाच कानात हे दोन्ही बिघाड असले, तर तो मिश्र बहिरेपणा.

कोणाचा वाटा किती, हे ऑडिओमेट्री या ऐकण्याच्या चाचणीत कळतं. हेडफोनमधला आवाज पडदा, हाडं, शंख अशी सगळी वाट चालून जातो. मग कानामागच्या हाडावर कंपक टेकवतात. त्याची कंपनं मधला कान टाळून थेट शंखात शिरतात. समजा, हेडफोनवर ऐकू यायला ६५ डेसिबल लागले आणि हाडावर ३५. आलेखावर या दोन मोजण्यांच्या दोन रेषा निघतात. त्यांच्या मधले ३० पडदा-हाडांच्या बिघाडाचे, उरलेले ३५ आतल्या कानाचे. ऑपरेशन उत्तम झालं तरी त्या ३५ च्या पलीकडे सहसा फारसं जाता येत नाही. हे रुग्णाला आधीच सांगायला हवं, नाहीतर पडदा छान बसूनही ‘ऑपरेशन फुकट गेलं’ म्हणून माणूस खचतो.

दोन्ही कान असे असले की तपासणी खरी अवघड होते. उजव्या कानामागचं कंपन कवटीतून डाव्या शंखातही जवळपास तेवढ्याच जोराने पोचतं. म्हणून डाव्या कानात सळसळता आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवतात. याला मास्किंग म्हणतात. पण डाव्या कानाचाही मधला भाग बिघडलेला असेल, तर तो आवाज बराच वाढवावा लागतो. मग हेडफोनमधून तोच आवाज कवटीत झिरपून उजव्या शंखापर्यंत जातो आणि जे मोजायचं तेच बिघडवतो. कानाच्या नळीत बसणारे इअरफोन वापरले तर झिरपणं कमी होतं आणि हा पेच पुष्कळसा सुटतो. अशा रुग्णाची चाचणी घाईत उरकणं मला अन्यायाचं वाटतं. ५१२ हर्ट्झचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) जुना असला, तरी आलेख खरा की खोटा हे ताडायला आजही कामी येतो.

आलेखावर उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी दाखवतात. हाडाच्या आणि मास्किंगच्या खुणा वेगळ्या. त्या नसतील तर विचारा, आणि जुने आलेख कृपा करून फाडू नका. हाडाची रेषा ४००० हर्ट्झजवळ खचत गेलेली दिसली, तर गोंगाटाचा संशय बळावतो. कामावरच्या आवाजाने आलेला बहिरेपणा भरपाई कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, तेव्हा हे कागद पुढे उपयोगी पडतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातानाही ते सोबत न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांवर ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर माणूस कमी ऐकू येणाऱ्यांच्या गटात बसतो, ७० झाली की बहिऱ्यांच्या.

कान वाहत असताना पहिलं काम तो कोरडा करण्याचं. त्यात कोमट तेल घालू नका, विहिरीत किंवा पंचगंगेत डुंबू नका. ऐकण्याचं मशीन लावायचं तर कानात घट्ट बसणारा साचा ओल कोंडतो आणि कान पुन्हा वाहू लागतो. अशा वेळी हेडबँडवर बसणारं, कंपनं हाडातून देणारं श्रवणयंत्र मिळतं. मिश्र बहिरेपणात आतला कान बऱ्यापैकी शाबूत असेल तर त्याने बोलणं चांगलं कळतं, म्हणून यंत्र घेण्याआधी या हाडातल्या यंत्राचीही चाचणी करून घ्या.