सहा आठवडे मुरवलेलं पीठ: पोलंडचा पिएर्निक

पोलंडमध्ये ख्रिसमसला जो पिएर्निक करतात ना, म्हणजे मध आणि मसाल्याचा केक, त्याची जुन्या पद्धतीची तयारी नोव्हेंबरातच सुरू होते. साधारण अर्धा किलो मध, साखर आणि लोणी (पूर्वी डुकराची चरबी) एकत्र गरम करायचं, गार झालं की त्यात किलोभर मैदा, अंडी, दुधात विरघळवलेला सोडा आणि दालचिनी-लवंग-आलं-जायफळ असा मसाला घालून मळायचं आणि मग तो गोळा चिनी मातीच्या भांड्यात, वर फडकं बांधून थंड जागी पाच-सहा आठवडे चक्क ठेवून द्यायचा!

कच्ची अंडी घातलेलं पीठ इतके दिवस टिकतं कसं? तर मधात पाणी जेमतेम १७-१८ टक्के, बाकी जवळपास सगळी साखर, आणि ती पाण्याला असं धरून ठेवते की जंतूंच्या वाट्याला फारसं उरतच नाही. वरून मध आंबट, पीएच ३.९च्या आसपास. अर्थात थंडी हवीच, आपल्याकडे कोणी करणार असेल तर सरळ फ्रिजमध्ये ठेवा.

या आठवड्यांत मैदा सावकाश ओलावा शोषतो, मसाल्याचा वास आत मुरतो, शिवाय पिठातली एन्झाइम्स स्टार्च आणि प्रोटीनचे थोडे थोडे तुकडे करत बसतात. हे तुकडे भट्टीत कामाला येतात. मधात फ्रुक्टोज साधारण ३८ आणि ग्लुकोज ३१ टक्के, या दोन्ही साखरा अमिनो आम्लांशी, म्हणजे प्रोटीनच्या तुकड्यांशी, थेट रिअॅक्शन करतात (मायार रिअॅक्शन म्हणतात तिला, तिच्यामुळेच तपकिरी रंग येतो), साध्या साखरेला ते जमत नाही, आधी तिचे दोन तुकडे व्हावे लागतात. आणि सोड्यामुळे ही रिअॅक्शन अजून जोरात होते, म्हणून पिएर्निक कोको न घालताही छान तपकिरी होतो.

खरी मजा पुढे आहे. भाजून गार झाला की हा केक कडक होतो, नवखा माणूस तर बिघडला म्हणून टाकूनच देईल. भाजताना पाणी उडतं आणि उरलेला साखरेचा पाक गार होताना काचेसारखा घट्ट होतो. पण फ्रुक्टोजला ओलाव्याची भारी हाव, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्या पाण्याने ती काच ढिली पडते आणि तीन-चार दिवसांत केक मऊ. पावाचं बरोबर उलटं, तो उघडा ठेवला की वाळतो. पोलिश घरांत तर केक आडवा कापून मध्ये पोविद्वा, म्हणजे प्लमचा आटवलेला घट्ट जॅम, लावतात आणि गुंडाळून ठेवतात, म्हणजे ओलावा आतूनही मिळतो. रशियन मेदोविकचे (हाही मधाचाच केक) पातळ, बिस्किटासारखे थर रात्रभरात आंबट क्रीम पिऊन मऊ होतात, तेही याच हिशोबात.

पिएर्निकसाठी सगळ्यात प्रसिद्ध गाव म्हणजे तोरुन, कोपर्निकस १४७३ साली जन्मला तेच. व्हिस्चुला नदीकाठचं हे व्यापारी शहर, आजूबाजूला गहू आणि मध, आणि मसाले जहाजांनी यायचे. तिथले लाकडी साचे बघण्यासारखे असतात, राजे-राण्या, घोडागाड्या, सगळं उलटं कोरलेलं. अशा बारीक नक्षीसाठी पीठ कमी फुगणारं हवं, नाहीतर राणीचं नाक भट्टीतच गायब.

आणि घरी केलेले पिएर्निक मऊच होत नसतील तर डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवा, फक्त रोज बदला, नाहीतर बुरशी येईल.