एकाच दगडाची काळी नि तांबडी

उदगीरहून बिदरच्या वाटेला लागलं की पायाला चिकटणारी काळी माती मागे पडते आणि माळावर तांबडी दिसू लागते. बिदरचा किल्ला याच तांबड्या जांभ्याचा. गंमत अशी की दोघींचा बाप एकच: सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट.

फरक पाडला पाण्यानं. उष्ण हवेत लाखो वर्षं पाऊस मुरत राहिला, की दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पुष्कळशी सिलिकासुद्धा धुऊन जाते. मागे राहतं लोह आणि ॲल्युमिनियम. लोह गंजतं, माती तांबडी होते. 1807 साली फ्रान्सिस बुकानननं केरळातल्या अशा दगडाला विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटराइट’ म्हटलं. ओला असताना तो सहज कापता येतो, उघड्यावर वाळला की टणक. बिदरचा जांभा मात्र आजच्या पावसाचा नव्हे, फार जुन्या ओल्या काळाची ती खूण आहे.

तांबडीत खत टिकत नाही. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, टाकलं तर लोहच ते धरून बसतं. म्हणून तिला शेणखत हवं, आम्लता मोडायला चुना हवा. कोकणात तर तिच्यावर आंबा-काजूच बरा.

आपल्याकडे, उदगीरच्या बाजूला, पाऊस वर्षाला जेमतेम सातशे-आठशे मिलिमीटर. त्याचं रडगाणं आपण नेहमीच गातो, पण काळीची कॅल्शियम-मॅग्नेशियमची शिदोरी वाहून गेली नाही ती त्यामुळेच. रानातला चुनखडीचा पांढरा खडा उचला, वर लिंबू पिळा, फसफसेल. काळ्या रंगावर मात्र भाळू नका, सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्याचा अंश, बहुतेक रानांत कमीच भरतो.

काळीची खरी करामत तिच्या चिकणमातीत आहे. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या या खनिजाचे पापुद्रे असतात. त्यांच्यात पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात भेगेत कोपरापर्यंत हात जातो. याच साठवलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी थंडीत उभी राहते. भेगांतून ओल उडू नये म्हणून वरची माती हलवणारं कोळपं फिरवायचं. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ म्हणतात ते उगीच नाही.

झड लागली की मात्र हीच माती पाणी धरून चिबडते, आठ-आठ दिवस वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येत नाही, मुळं गुदमरतात. म्हणून सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरलेलं बरं. तरीही कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर युरियाकडे धावू नका. तिथे बहुधा लोह कमी पडलंय. मातीत ते असतं, पण चुनखडी मुळांना घेऊ देत नाही. तांबडीत लोह स्फुरद अडवतं, काळीत लोहच अडकतं. अशा वेळी फेरस सल्फेट जमिनीत टाकण्यापेक्षा पानांवर फवारलेलं लवकर लागू पडतं.