अन्नपरिरक्षण, उष्णतारहित

अन्नपरिरक्षण, उष्णतारहित : अन्न न शिजवता, न उकळता त्यातील सूक्ष्मजीव, किडी व विकरे (एन्झाइमे) यांना आवर घालण्याच्या, तसेच अन्नाचा संबंध येणारे पृष्ठभाग उष्णतेशिवाय निर्जंतुक करण्याच्या पद्धती. उच्च दाब, प्रारण (भेदक किरणांचा मारा), जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरण, विद्युत् स्पंद, ओझोन, क्लोरीन, अल्कोहोल अशी बरीच साधने यात मोडतात.

नाव नवे असले, तरी पद्धत घरातलीच आहे. लोणच्याच्या बरणीत जाळ कुठेच नसतो. मीठ फोडींतले पाणी ओढून घेते आणि उरलेले पाणी स्वतःशी बांधून ठेवते, त्यामुळे जंतूंना ओलावा दिसतो पण वापरता येत नाही. कैरीची आंबटाई त्यात भर घालते आणि वर तरंगणारे तेल हवा अडवते. बरणीत ओला चमचा घालू नये हा दंडक याच कारणाने आहे. चमच्याबरोबर गेलेल्या पाण्याने तेवढ्या जागी मीठ पातळ होते आणि बुरशीला पाय ठेवायला जागा मिळते. सुकट, साखरेच्या पाकातला मुरांबा, एरंडेल लावून ठेवलेली तूरडाळ हे सगळे याच कुळातले. फरक इतकाच, की या उपायांनी पदार्थाची चव आणि रूप बदलते, आणि तो बदलच आपल्याला आवडू लागलेला असतो. आधुनिक पद्धतींची अपेक्षा उलटी असते. रस ताज्या रसासारखाच लागावा, फळ झाडावरून काढल्यासारखे दिसावे, आणि तरी ते टिकावे.

उष्णतेचा मोठा गुण म्हणजे ती वाट काढत आत जाते. वेळ लागेल, पण डब्याच्या मधल्या घासापर्यंत ती पोचतेच. तिला बाजूला ठेवले, की जे काही वापरायचे ते कुठवर पोचते हा पहिला प्रश्न ठरतो. पुढील प्रत्येक पद्धतीचा उपयोग आणि तिची मर्यादा बहुतेक या एका प्रश्नातून निघते. दुसरा प्रश्न मोजमापाचा. निर्जंतुकीकरणात ‘किती मेले’ हे दहाच्या पटीत सांगतात. एक पट म्हणजे ९० टक्के, दोन पट म्हणजे ९९ टक्के. अमेरिकेत फळांच्या रसासाठी पाच पट घट बंधनकारक आहे, म्हणजे लाखातला एकच जंतू उरावा. ‘९९ टक्के जंतू मारते’ असे एखाद्या बाटलीवर लिहिलेले असते, तेव्हा ती फक्त दोन पटींची गोष्ट असते.

उच्च दाब : पोच या बाबतीत दाबाला तोड नाही. पाण्यात बुडवलेल्या वस्तूवर सर्व बाजूंनी एकाच वेळी सारखा दाब येतो. करवंद दोन बोटांत चिमटले तर फुटते. तेच सगळीकडून सारखे दाबले तर फुटत नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील कृषी प्रयोग केंद्रात बर्ट हाइट यांनी १८९९ मध्ये दाब देऊन दूध नासणे लांबवले. पर्सी ब्रिजमन यांनी १९१४ मध्ये नुसत्या दाबाने अंड्याचा पांढरा बलक उकडल्यासारखा घट्ट करून दाखवला. मात्र इतका दाब रोजच्या रोज पेलणारी पात्रे कारखान्यात यायला पाऊणशे वर्षे गेली. दाबप्रक्रिया केलेला पहिला बाजारी पदार्थ १९९० मध्ये जपानमध्ये आला, तो म्हणजे जॅम.

आज साधारणतः ६०० मेगापास्कल दाब काही मिनिटे देतात. समुद्राच्या सर्वांत खोल गर्तेच्या तळाशी असतो त्याच्या हा पाचपटीहून अधिक आहे. या दाबाखाली पाणीसुद्धा सुमारे १५ टक्के आकसते, म्हणून बाटली लवचीक प्लास्टिकची लागते. काच चालत नाही. जंतूंची आवरणे आणि प्रथिनांची घडी मोडते, पण जीवनसत्त्वे, रंग व वास यांच्या लहान रेणूंमधले पक्के बंध तुटत नाहीत. ‘उष्णतारहित’ हा शब्द इथे थोडा सैल आहे, कारण दर १०० मेगापास्कलला पाणी सुमारे ३ अंश सेल्सियसने तापते. दाब सोडला की तेही ओसरते. खरी अडचण बीजाणूंची, म्हणजे काही जंतूंच्या टणक, सुप्त रूपाची. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूचे बीजाणू हा दाब सहज सोसतात. म्हणून दाबाने टिकवलेले पदार्थ एकतर आंबट असतात किंवा शीतकपाटात ठेवावे लागतात. कोरड्या मसाल्याला दाब काहीच करत नाही, आणि पालेभाजीतली हवा दबून तिचा चोथा होतो. कालवांचे शिंपले मात्र दाबाने आपोआप उघडतात, हा मासळीच्या धंद्याला मिळालेला अनपेक्षित फायदा.

प्रारण : कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे गॅमा किरण बंद खोक्यातून, गोणीतून आरपार जातात. त्यामुळे माल आधी भरून, शिवून मग प्रक्रिया करता येते. पुन्हा दूषित होण्याचा प्रश्न राहत नाही. हेच काम विद्युत्कण (इलेक्ट्रॉन)-झोताने किंवा क्ष-किरणांनीही होते, पण विद्युत्कण थोडेच आत शिरतात.

आत शिरलेले किरण पेशीतील डीएनए तोडतात. ज्याचा डीएनए मोठा आणि ज्याच्या पेशी विभागत असतात, तो आधी बळी पडतो. म्हणून कांद्याचा कोंब रोखायला ६० ते ९० ग्रे (शोषलेल्या प्रारणाचे एकक) इतकी मात्रा पुरते, आंब्यातल्या किडीला ४०० ग्रे, तर मसाल्यातल्या जंतूंना ६,००० ग्रे व त्याहून अधिक लागतात. माणसाला ४-५ ग्रे मात्रा एकदम मिळाली तर ती प्राणघातक ठरू शकते. आणि तरी १०,००० ग्रेने पाण्याचे तापमान जेमतेम अडीच अंशांनी वाढते! ऊर्जा थोडी पण घाव मर्मावर, असा हा प्रकार आहे.

‘किरण मारलेले’ अन्न किरणोत्सर्गी होते ही समजूत चुकीची आहे. कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा अणुकेंद्रकाला किरणोत्सर्गी करण्याइतकी नसते, आणि अन्नाचा कोबाल्टला स्पर्शही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ञ समितीने १९८० मध्ये १०,००० ग्रेपर्यंतची मात्रा सुरक्षित ठरवली. भारतात १९९४ मध्ये कांदा, बटाटा व मसाले यांना परवानगी मिळाली. मसाल्यांसाठी वाशी येथे २००० मध्ये आणि शेतमालासाठी नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे २००२ मध्ये केंद्र सुरू झाले. लासलगावच्या केंद्राचे नाव ‘कृषी उत्पादन संरक्षण केंद्र’, संक्षेपाने ‘कृषक’.

अशा केंद्रातली व्यवस्था एका अर्थाने साधी असते. जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, तिथवर जाणारी वळणावळणाची वाट, आणि त्या वाटेने फिरत्या पट्ट्यावरून जाणारे माल भरलेले डबे. काम नसेल तेव्हा कोबाल्टच्या कांड्या खोल पाण्याच्या हौदात उतरवलेल्या असतात. पाण्यात त्यांच्याभोवती निळसर प्रकाश दिसतो. कोबाल्टचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे, तेव्हा कांड्या जुन्या होत जातात तसा पट्टा सावकाश चालवावा लागतो, नाहीतर नव्या कांड्या आणाव्या लागतात.

लासलगाव ही कांद्याची पेठ, केंद्रही कांदा डोळ्यांपुढे ठेवून उभारले. पण त्याचे नाव झाले ते आंब्यामुळे. उन्हाळ कांदा काढणीनंतर काही आठवडे सुप्तावस्थेत असतो. तेवढ्यात प्रक्रिया झाली तरच कोंब थांबतो. उशिरा प्रक्रिया केलेला कांदा उभा चिरला, तर मधल्या कोंबाच्या जागी काळपट ठिपका दिसतो. कोंब थांबला तरी चाळीतली सड आणि वजनातली घट इतक्या कमी मात्रेने थांबत नाही. त्यासाठी शीतगृह हवे. कांद्यासारख्या भावाची खात्री नसलेल्या मालाला वाहतूक, प्रक्रिया आणि शीतगृह हा तिहेरी खर्च झेपणे अवघड आहे. प्रारणाने कांद्याचा प्रश्न सुटेल असे अधूनमधून छापून येते, त्यात हा हिशेब सहसा नसतो.

हापूस-केसरच्या पेटीला मात्र हा खर्च परवडतो. कोयीतला भुंगा आणि फळमाशी यांच्या धास्तीने अमेरिकेचा बाजार भारतीय आंब्याला सुमारे १८ वर्षे बंद होता. लासलगावच्या केंद्राला अमेरिकी मान्यता मिळाल्यावर २००७ मध्ये तो उघडला. पुढे राज्य कृषी पणन मंडळाचे वाशीचे केंद्रही या कामाला लागले. ४०० ग्रे मात्रेने कीड जागीच मरतेच असे नाही. ती नपुंसक होते, तिची पुढची पिढी होत नाही. त्यामुळे अमेरिकेत आंबा कापल्यावर कोयीत जिवंत भुंगा सापडला, तरी प्रक्रिया फसली असे म्हणता येत नाही. मात्रा मिळाली की नाही हे किडीकडे पाहून कळत नाही, कागदावरूनच कळते. म्हणून या निर्यातीत नोंदींना आणि अमेरिकी निरीक्षकाच्या हजेरीला इतके महत्त्व. कोविडच्या काळात निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि २०२० व २०२१ हे दोन हंगाम गेले. जपानला तोच आंबा उष्ण बाष्प देऊन पाठवावा लागतो, म्हणजे तिथे पुन्हा उष्णता आलीच.

जंबुपार किरण : सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट यांनी इंग्लंडमध्ये १८७७ मध्ये दाखवले. पाऱ्याच्या दिव्यातील सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण डीएनएतील शेजारशेजारच्या थायमिन या घटकाच्या जोड्या चिकटवतात आणि जंतूची वाढ खुंटते. घरच्या जलशुद्धीकरण यंत्रात हाच दिवा असतो. पण या किरणांची पोच फारच तोकडी आहे. खिडकीची साधी काच त्यांना अडवते, म्हणून दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी लागते. पाणी गढूळ असेल तर गाळाच्या कणामागचा जंतू वाचतो. केशकर्तनालयातल्या निळ्या पेटीत कंगवे एकावर एक रचलेले असतात. सावलीतल्या कंगव्याला त्या पेटीचा उपयोग नाही. शिवाय दिसतो तो निळा उजेड काम करतच नाही, जंतू मारणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते कातडीला आणि डोळ्यांना इजा करतात, तेव्हा हातावर फिरवायचे जंबुपार दिवे टाळलेले बरे.

विद्युत् स्पंद व थंड प्लाझ्मा : रसातून सेंटिमीटरला २० ते ४० किलोव्होल्ट इतक्या तीव्रतेचे, सेकंदाच्या दशलक्षांशात मोजायचे स्पंद सोडले की जंतूंच्या पटलांना भोके पडतात. गंमत म्हणजे हे तंत्र आज जंतू मारण्यापेक्षा बटाट्याच्या काचऱ्या करणाऱ्या कारखान्यांत जास्त रुळले आहे. तिथे बरेच सौम्य स्पंद देतात; बटाटा मऊ पडून सुरीखाली स्वच्छ कापला जातो. प्लाझ्मा, म्हणजे विद्युत्‌भारित वायू, फक्त पृष्ठभागावर चालतो आणि त्याचा वापर अजून मर्यादित आहे.

पृष्ठभाग आणि रसायने : ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर आणि कारखान्यात पालेभाजी धुण्याचे क्लोरीनचे पाणी, दोन्हींत काम करतो तो हायपोक्लोरस आम्ल हा एकच रेणू. पाणी अल्कधर्मी झाले की त्याचे प्रमाण घटते, आणि माती, पानांचा रस, शेवाळ असे काहीही समोर आले की तो आधी त्यावरच खर्ची पडतो. भाजीसाठी साधारण ५० ते २०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) क्लोरीन वापरतात. त्याने पानावरचे जंतू एक-दोन पटींनीच घटतात. त्याचा खरा उपयोग एका जुडीचे जंतू पाण्यातून दुसऱ्या जुडीवर जाऊ नयेत हा आहे. ओझोन क्लोरीनपेक्षा जोरकस, मागे अवशेष ठेवत नाही, पण साठवता येत नाही. जागेवरच तयार करावा लागतो, आणि माणसे असलेल्या खोलीत सोडता येत नाही.

अल्कोहोल शुद्ध असण्यापेक्षा ७० टक्क्यांच्या आसपास जास्त चांगले काम करते. प्रथिने मोडायला पाण्याची मदत लागते, आणि पाण्यामुळे ते लगेच उडूनही जात नाही. ओट्यावर फवारून लागलीच पुसून घेतले तर त्याला वेळच मिळत नाही. बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही.

यातले कोणतेही रसायन न घासलेल्या जागेवर वाया जाते. जंतू पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात, आणि त्या थराखाली क्लोरीनही नीट पोचत नाही. म्हणून आधी साबण व ब्रश, मग रसायन, हा क्रम कारखान्यात आणि घरात सारखाच. सुरीचे खोल वण पडलेला लाकडी पाट कितीही फवारला तरी चिरांच्या तळाशी ओल आणि अन्नाचे कण राहतातच. असा पाट रंधा मारून सपाट करावा लागतो किंवा टाकून द्यावा लागतो.