केवळ अंड्यांवरून ओळखले जाणारे कृमी

परजीवी सूत्रकृमीची जात नर-मादीच्या शरीररचनेवरून ठरवावी, हा प्राणिशास्त्रातील जुना शिरस्ता आहे. मुख्यतः समुद्री माशांत राहणाऱ्या हफमॅनेला या सूत्रकृमींच्या प्रजातीपुढे, म्हणजे अनेक जातींच्या गटापुढे, मात्र तो टिकला नाही, कारण तिच्या बहुतेक जातींचे प्रौढ कृमी कोणालाच सापडलेले नाहीत. हाती लागतात ती माशाच्या ऊतींत साठलेली गर्द तपकिरी अंडी.

1925 मध्ये जॉर्ज मॅककॅलम यांनी शार्कच्या त्वचेतील अशा अंड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे 1987 मध्ये चेक कृमितज्ज्ञ फ्रांटिशेक मोरावेत्स यांनी टेक्सासमधील गोड्या पाण्यातील माशांच्या वाताशयात, म्हणजे पोटातील हवेच्या पिशवीत, आढळणाऱ्या कृमीवरून हफमॅनेला ही स्वतंत्र प्रजाती उभी केली आणि शार्कमधील ती जुनी जातही तिच्यात आली. समुद्री कृमींच्या कुळकथेचे मूळ असे गोड्या पाण्यात सापडावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली हे अंडे लंबगोल, जाड कवचाचे आणि दोन्ही टोकांना पारदर्शक बुचे बसवलेले दिसते. माणसाच्या आतड्यातील ट्रायक्युरिस कृमीच्या अंड्यालाही अशीच बुचे असतात, आणि हे दोन्ही कृमी एकाच मोठ्या गटातले आहेत. अंडे कोवळे असताना कवच फिकट असते. आत अळी तयार होईपर्यंत ते गडद होत जाते. त्यामुळे दोन जातींची तुलना करायची तर दोन्हीकडची पक्व अंडीच घ्यावी लागतात, नाहीतर वयातला फरक जातीतला फरक ठरण्याचा धोका असतो.

2004 पासून फ्रेंच परजीवीतज्ज्ञ झाँ-लू जस्टिन यांनी प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटाजवळच्या समुद्रातील माशांमधून अनेक नव्या जाती वर्णिल्या. अंड्यांची लांबी-रुंदी, कवचावरचे तंतू आणि अंडी नेमकी कोणत्या ऊतीत आहेत, यांवर त्यांचा भर होता. फिलामेंटोसा हे एका जातीचे नाव तंतूंवरून, तर ऑसिकोला हे दुसरीचे हाडातील वास्तव्यावरून पडले. प्रौढाविना जात स्थापण्यावर आक्षेप घेता येईल, पण मादी सापडेपर्यंत नाव राखून ठेवले असते तर यातल्या कित्येक जाती आजही बेनावच राहिल्या असत्या.

जस्टिन आणि इवाकी यांनी 2014 मध्ये वर्णिलेली हामो ही जात जपानच्या समुद्रातील म्युरेनेसॉक्स सिनेरियस या माशाच्या स्नायूंत काळ्या डागांच्या रूपाने आढळली. कोकण किनाऱ्यावर वाम म्हणतात ते याच माशाला. या जातीचे वर्णनही अंड्यांवरूनच झाले.