अ लेट क्वार्टेट

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील एका तंतुवाद्य-चौकडीवर (दोन व्हायोलिन, व्हायोलिनहून थोडा मोठा व्हियोला आणि खर्जातला चेलो) बेतलेला अमेरिकन चित्रपट (२०१२). दिग्दर्शक यारॉन झिल्बरमन. पटकथा झिल्बरमन व सेथ ग्रॉसमन यांची. झिल्बरमन यांचा हा पहिलाच कथापट. त्याचा पहिला खेळ सप्टेंबर २०१२ मध्ये टोरांटो चित्रपट महोत्सवात झाला.

न्यूयॉर्कमधील ‘फ्यूग’ ही चौकडी पंचवीस वर्षे एकत्र वाजवते आहे. चौघांत वडीलधारा असलेला चेलोवादक पीटर (क्रिस्टोफर वॉकन) याला पार्किन्सन झाल्याचे निदान होते. नव्या हंगामाच्या पहिल्या मैफलीत वाजवून निरोप घ्यायचा, असे तो ठरवतो आणि तिथून बाकीच्या तिघांत इतकी वर्षे दबलेले सारे वर येऊ लागते. दुसरा व्हायोलिन वाजवणारा रॉबर्ट (फिलिप सेमूर हॉफमन) पहिल्या व्हायोलिनची जागा आळीपाळीने मागतो. त्याची पत्नी ज्युलिएट (कॅथरीन कीनर) व्हियोला वाजवते. ती त्याची बाजू घेत नाही. पहिला व्हायोलिनवादक डॅनियल (मार्क इव्हानिर) काटेकोर, हट्टी. रॉबर्टची मागणी बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. पण चौकडीत दुसऱ्या व्हायोलिनकडे बहुधा मुख्य सुरावटीखालची, आतली सुरावट येते. ती नसेल तर सारे पोकळ वाटते, असली तर फारसे कुणाचे लक्ष जात नाही. जागांची अदलाबदल करणाऱ्या चौकड्या प्रत्यक्षातही आहेत; एमर्सन चौकडीत दोघे व्हायोलिनवादक पहिली जागा वाटून घेत.

कथेचा कणा म्हणजे बेथोव्हनची चौकडीसाठीची, सी शार्प मायनर या स्वरश्रेणीतील रचना, ओपस (रचनाक्रमांक) १३१ (१८२६). तिचे सात भाग मध्ये न थांबता, सलग सुमारे चाळीस मिनिटे वाजवायचे असतात. सुरुवातच एका संथ फ्यूगने होते; फ्यूगमध्ये एकच सुरावट एकामागून एक वाद्ये उचलत जातात. चित्रपटातील चौकडीचे नाव त्या रचनाप्रकाराचेच. वाजवता वाजवता तारा उतरतात आणि वाद्ये पुन्हा नीट जुळवून घ्यायला उसंत मिळत नाही. अशा वेळी थांबायचे, की बेसूर होत चाललेल्या वाद्यांनिशी एकमेकांना सांभाळत शेवट गाठायचा, हा पेच पीटर विद्यार्थ्यांसमोर मांडतो. पुढे पडद्यावर जे घडते त्याची किल्ली इथेच आहे, आणि दिग्दर्शकाने ती लपवलेलीही नाही.

रॉबर्टचा व्यभिचार, त्याच्या मुलीचे (इमोजेन पूट्स) डॅनियलशी जुळलेले प्रकरण, त्यावरून झालेली मारामारी, हा भाग मात्र मालिकांच्या वळणावर जातो. एवढी गुंतागुंत नसती तरी चालले असते. चित्रपट खरा रंगतो तो तालमीत आणि शिकवणीत, शिवाय वॉकनच्या संयत अभिनयात. विक्षिप्त आणि खलभूमिकांसाठी ओळखला जाणारा हा नट इथे आवाजही फारसा चढवत नाही.

शेवटच्या मैफलीत ओपस १३१ अखेरच्या भागापाशी येते आणि पीटर वादन थांबवतो. बाकीच्यांच्या गतीने आपल्याला वाजवता येत नाही, असे श्रोत्यांना सांगून तो उठतो. न थांबता वाजवायची रचना अशी भर मैफलीत तुटते. त्याच्या जागी नीना ली ही चेलोवादक येऊन बसते, आणि समोरची स्वरलिपीची पाने बंद करून ते सातवा भाग वाजवतात. इतकी वर्षे पानावरील प्रत्येक खुणेला चिकटून राहिलेल्या डॅनियलनेही ती पाने बंद करावीत, हे त्याच्या बाबतीत मोठेच वळण.

चौकडीचे ध्वनिमुद्रित वादन ब्रेंटानो स्ट्रिंग क्वार्टेटचे आहे. नीना ली ही त्याच चौकडीची चेलोवादक; चित्रपटात ती स्वतःच्याच नावाने येते. नटांनी गज धरण्याचे आणि बोटे ठेवण्याचे शिक्षण घेतले होते. पार्श्वसंगीत अँजेलो बादालामेन्टी यांचे, तर छायाचित्रण फ्रेडरिक एल्म्स यांचे आहे.