दादर-माटुंगा : पायी अंतराची वस्ती आणि तिचे मोल

मुंबईत १८९६ साली प्लेग पसरला आणि दोनच वर्षांनी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहराच्या कोंदट भागांत रुंद रस्ते काढावेत आणि उत्तरेच्या मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखाव्यात, ही त्याची मुख्य कामे होती. दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव येथील योजना त्यातूनच निघाल्या. आखणाऱ्यांपुढे प्रश्न रोगराईचा होता, घरांच्या भावाचा नव्हे.

हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीत तळमजल्यावर दोनच मजले चढले, इमारतींमध्ये अंतर राहिले आणि रस्त्यांना झाडांची सावली मिळाली. पारशी कॉलनीसाठी अभियंता मंचेरजी जोशी यांनी ट्रस्टकडे भूखंडांचा पाठपुरावा केला होता. राहायला आलेला वर्ग बहुतांशी पगारदार होता. त्याच्याकडे मोटार नव्हती, त्यामुळे शाळा, मंडई, देऊळ आणि रेल्वे स्थानक पायी गाठता येणे ही त्याची निकडच होती. दादरला तर दोन्ही रेल्वेमार्गांची स्थानके होती, शिवाय १९६४ पर्यंत ट्रामही.

अशा वस्तीतील घरांना अधिक भाव मिळतो, हे अमेरिकेतील एका अभ्यासाने २००९ मध्ये आकड्यांनिशी मांडले. तपासलेल्या १५ पैकी १३ बाजारपेठांत तसा संबंध आढळला. मुंबईत मात्र हा फरक भाड्यात उमटण्याची सोयच नव्हती. १९४७ च्या कायद्याने जुन्या जागांची भाडी साधारण १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. जागेची ओढ त्यामुळे आटली नाही, ती पागडीत, म्हणजे जागा मिळवण्यासाठी भाड्याखेरीज द्याव्या लागणाऱ्या एकरकमी पैशांत, उतरली. आणि पागडी घेणे गुन्हा असल्याने वस्तीचे खरे मोल कागदावर कधी आलेच नाही. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने.

दरम्यान तुटपुंज्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना आणि इमारती जीर्ण झाल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) दिला, तेव्हा इतकी वर्षे दडलेले मोल विक्रीच्या सदनिकांतून उघडपणे वसूल होऊ लागले. त्यात माझ्या मते एक विसंगती आहे. नव्या मनोऱ्याच्या खालच्या मजल्यांवर बहुधा वाहनतळ येतो, पदपथाला लागून दुकानांऐवजी त्याची कोरी भिंत उभी राहते, आणि जाहिरातीत मात्र स्थानक पायी पाच मिनिटांवर असल्याचे ठळक छापलेले असते.